एका डोक्याचे दोन रिपोर्ट

कात्री लावणारी मुलगी जेमतेम विशीतली असेल. तिनं माझी वेणी सोडली, मागचे केस कंगव्यानं वर उचलून पिना लावल्या आणि मानेच्या जरा वर, अगदी कातडीलगत, चार ठिकाणचे थोडे थोडे केस कापले. मग पिशवीतून पुठ्ठ्याचा एक चिमुकला तराजू काढला. एका बाजूला केस ठेवायचे, पुरेसे झाले की ती बाजू झुकते. तराजू काही झुकेना. "काकू, अजून थोडे घेते हं," म्हणत तिनं पाचव्यांदा कात्री चालवली. तेव्हा माझे केस इतके गळत होते की मनात आलं, कापतेस कशाला बाई, उद्या सकाळी ये आणि आमच्या बाथरूमच्या जाळीवरून घेऊन जा.

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये शिबिर होतं. दिवाळीच्या आधीचा रविवार. बाहेर बॅनर: 'सुई नाही, रक्त नाही. केसांवरून मधुमेहाचं निदान.' खाली लाल अक्षरांत 'भारतात १० कोटी मधुमेही'. तो आकडा तरी खरा होता, नंतर कळलं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशभरच्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली आले, त्यात १० कोटी १० लाख मधुमेही आणि १३ कोटी ६० लाख लोक उंबरठ्यावर, असा अंदाज होता. बॅनरवर खरं तेवढंच होतं.

मी एका पतसंस्थेत वसुली विभागात आहे. "थकबाकी लपवल्यानं कमी होत नाही" हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा लोकांना ऐकवते. आणि स्वतः पाच वर्षं रक्त तपासायला गेले नव्हते. आईला चौदा वर्षं इन्सुलिन चालू आहे. तिच्या डाव्या पायाचा अंगठा काढला, तेव्हा ड्रेसिंगला मीच उभी होते. थोरल्या भावाला पंचेचाळिशीत शुगर निघाली. माझं सत्तेचाळीस चालू. आता नंबर माझाच, हे मी मनात पक्कं करून टाकलं होतं, फक्त ते कागदावर वाचायचं नव्हतं. ऑफिसचे दोन जिने चढले की धाप लागायची, दुपारी चार वाजता डोळे मिटायचे, केसांचा पुंजका रोज हातात यायचा. म्हटलं, झालं, शुगरच. अशा बाईला कोणी 'सुई नाही' म्हणून बोलावलं तर ती जाणारच.

एकटीचे ३,९०० रुपये, जोडप्याचे ५,५००. हिशेबाची सवय नडली. मी जोडप्याचे भरले आणि ह्यांना बोलवायला वर गेले.

हे पेपर वाचत होते. ऐकून घेतलं, पेपर खाली ठेवला आणि डोक्यावरून हात फिरवला. ह्यांच्या डोक्यावर कानाच्या वर एक झालर आहे, बाकी चंद्र. म्हणाले, "अगं, एवढेच उरलेत. ते पण तू कुणाला देऊन टाकणार?" मी म्हटलं, अहो, पैसे भरलेत. "मग काढून आण." ते काही परत मिळणार नव्हते. त्या मुलीनं मला ह्यांच्यासाठीचं रिकामं पाकीट, फॉर्म आणि तसलाच एक पुठ्ठ्याचा तराजू दिला होता. "काकांना जमेल तसे कापा आणि सहा वाजेपर्यंत आणून द्या."

आता मी जे केलं ते फसवायला केलं नव्हतं, खरं सांगते. सोळाशे रुपये पाण्यात जाऊ नयेत, एवढाच हिशेब होता. संध्याकाळी आरशासमोर पाठ करून बसले, हातात दुसरा आरसा घेतला आणि सकाळच्या जागेच्या शेजारचेच माझे केस स्वयंपाकघरातल्या कात्रीनं कापून ह्यांच्या पाकिटात भरले. फॉर्मवर ह्यांचं नाव, वय ५३, पुरुष, वजन ७८ किलो. केस काळे-तांबूस, वीतभर लांब. कुणी पाकीट उघडून बघितलं असतं तर शंका आली असती. कुणी बघितलं नाही.

अजून एक गोष्ट. फॉर्मवर विचारलं होतं, केसांना रंग लावता का? मी त्या मुलीला म्हटलं, रंग नाही, महिन्यातून एकदा मेंदी लावते. तिनं 'नाही'वर टिकली मारली.

अठरा दिवसांनी दोन्ही रिपोर्ट मोबाईलवर आले. बारा-बारा पानं. हिरवे, पिवळे, लाल पट्टे. कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्त, तांबं, क्रोमियम, व्हॅनॅडियम, शिसं, पारा, अशी तीसेक नावं. माझ्या रिपोर्टमध्ये क्रोमियमचा पट्टा लालभडक आणि 'ब्लड शुगर रेशो' नावाच्या रकान्यात बाण वर. हा रेशो म्हणजे कॅल्शियम भागिले मॅग्नेशियम. त्याच्यात साखरेचा दाणाही नाही, पण नाव वाचून पोटात गोळा आला. निष्कर्ष: 'इन्सुलिनच्या कार्यात बिघाडाची प्रवृत्ती. मधुमेहाचा धोका: उच्च.' शेवटच्या पानावर तीन महिन्यांचा कोर्स, क्रोमियमच्या गोळ्या धरून पाच बाटल्या, ११,४०० रुपये.

त्या रात्री मी जेवले नाही. देवापाशी बसून आईचा अंगठा आठवत राहिले.

ह्यांच्या नावाचा रिपोर्ट उघडला तो दुसऱ्या दिवशी, ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत. क्रोमियम हिरव्यात. मधुमेहाचा धोका: सामान्य. पोटॅशियम माझ्यापेक्षा तिप्पट. सोडियमही वेगळंच. आणि शेवटच्या पानावर, ठळक अक्षरात: प्रोस्टेटच्या आरोग्यासाठी कॅप्सूल, रोज रात्री एक.

भाकरीचा घास हातात तसाच राहिला. माझ्या केसांना प्रोस्टेट!

आमच्याकडे एका खातेदाराची दोन पासबुकं निघाली आणि दोन्हींत शिल्लक वेगळी असली, तर आम्ही खातेदाराला दोष देत नाही, आधी लेजर उघडतो. मी दोन्ही रिपोर्टांची प्रिंट काढली, लाल पेनानं ओळीनं टिका मारल्या आणि भाचीला फोन लावला. ती पुण्यात बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी करते.

"मावशी, तू एका डोक्याचे केस दोन नावांनी पाठवलेस?" ती इतकी हसली की तिच्या होस्टेलच्या मैत्रिणी गोळा झाल्या. "अगं, लोक असले प्रयोग मुद्दाम करतात आणि पेपर छापतात. तू चुकून केलास."

मग तिनं सांगितलं. १९८५ मध्ये अमेरिकेत एका डॉक्टरनं दोन धडधाकट मुलींचे केस तेरा व्यावसायिक प्रयोगशाळांना पाठवले होते. आकडे एकमेकांशी जुळेनात, सल्लेही जुळेनात. २००१ मध्ये पुन्हा तसंच, एकाच निरोगी माणसाचे केस वाटून सहा प्रयोगशाळांना दिले. बारा खनिजांच्या बाबतीत सगळ्यांत मोठा आकडा सगळ्यांत लहान आकड्याच्या दसपटीहून जास्त निघाला. दोन्ही निबंध अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापलेले आहेत.

मला राग आला होता, म्हणून मी म्हटलं, म्हणजे मशीनच खोटं? ती म्हणाली, तसं नाही. मशीन झकास असतं. केस आम्लात विरघळवायचे आणि त्यातले धातू मोजायचे, हे काम ते अब्जातल्या एका भागापर्यंत करतं. घोळ आधी आणि नंतर होतो. आधी म्हणजे केस धुताना. एक लॅब साध्या पाण्यानं धुते, दुसरी द्रावणानं, तिसरी अजून कशानं, आणि प्रत्येक धुण्यात वेगळं काहीतरी निघून जातं. नंतर म्हणजे अर्थ लावताना. निरोगी माणसाच्या केसात क्रोमियम किती असावं, यावर सगळ्यांचं एकमत झालेलं माप मुळात नाहीच. प्रत्येक लॅब आपला हिरवा पट्टा आपणच आखते.

"आणि तुझं जस्त दोन्ही रिपोर्टांत वर आहे, बघ. कोंड्याचा शाम्पू लावतेस ना?"

लावते. बाटली आणून मागची बारीक अक्षरं वाचली. झिंक पायरिथिऑन. जस्त पोटातून आलंच नव्हतं, ते बाथरूममधून आलं होतं. काही कोंड्याच्या शाम्पूंत सेलेनियम असतं, ते वापरणाऱ्यांचं सेलेनियम वर दिसतं. माझ्या मेंदीनं आणि बोअरच्या जड पाण्यानं कॅल्शियमचं काय केलं असेल, देव जाणे. आणि मी त्याला मॅग्नेशियमनं भागून मधुमेह काढून बसले होते.

तरी मी हटून बसले. म्हटलं, केसावरून काहीच कळत नाही म्हणतेस? मग खुनाच्या तपासात केस कशाला घेतात? इथं ती गंभीर झाली. केसावरून कळतं, पण जे केसात खरोखर साठतं तेच. आर्सेनिक कळतं, पारा कळतो. १९७१-७२ च्या हिवाळ्यात इराकमध्ये पाऱ्याचं बुरशीनाशक लावलेलं बियाण्याचं गहू लोकांनी दळून खाल्लं, हजारो माणसं आजारी पडली. तेव्हा बाळंतिणींच्या लांब केसांचे सेंटिमीटर-सेंटिमीटरचे तुकडे करून कोणत्या महिन्यात किती पारा शरीरात गेला हे शोधून काढलं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे टोकाला जुन्या नोंदी, मुळाशी ताज्या.

पासबुकच की, मी म्हटलं.

"हो, पण त्या पासबुकात साखरेची नोंद कोणी करत नाही, मावशी. निदान धातू मोजून तरी ती सापडत नाही."

निदान म्हणाली, कारण साखरेचीही एक नोंद केसात होते, आणि हा भाग मला फार आवडला. रक्तात साखर जास्त असली की ती प्रथिनांना चिकटते, कुणी न सांगता, आपोआप. केस म्हणजे केराटिन, म्हणजे प्रथिनच. मुळाशी केस तयार होत असताना त्याला साखर चिकटते आणि केसाबरोबर वाढत वर येते. १९८० च्या दशकात काही प्रयोगशाळांनी मधुमेहींच्या केसांत आणि नखांत ही चिकटलेली साखर मोजली, ती सरासरीनं जास्त भरली. कल्पना वेडगळ नव्हती. पण सरासरीनं जास्त असणं वेगळं आणि एका बाईच्या चार केसांवरून तिला मधुमेह आहे की नाही हे सांगणं वेगळं. दोन्ही गटांचे आकडे एकमेकांत मिसळत होते. शिवाय केस उन्हात राहतो, धुतला जातो, रंगवला जातो. आणि तोवर त्याच तत्त्वावर चालणारी, पण रक्तातली, तपासणी हाताशी आली होती. १९६८ मध्ये तेहरानमध्ये सॅम्युअल रहबर यांना मधुमेहींच्या हिमोग्लोबिनमध्ये एक वेगळाच घटक दिसला. ते साखर चिकटलेलं हिमोग्लोबिन होतं. आज आपण ज्याला एचबीएवनसी म्हणतो ते तेच. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हणून तो आकडा म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शिल्लक.

"शिबिरवाल्यांनी यातलं काहीच केलेलं नाही," भाची म्हणाली. "त्यांनी धातू मोजले. आता उठ आणि डॉक्टरांकडे जा. आणि क्रोमियम घेऊ नकोस."

अकरा हजार चारशे वाचले, पण सुई काही टळली नाही.

जाण्याआधी एकदा कंपनीच्या सल्लागाराला फोन केला. माझा रिपोर्ट आणि ह्यांचा रिपोर्ट एकाच डोक्याचे आहेत, असं स्वच्छ सांगितलं. पलीकडे जरा शांतता. मग, "मॅडम, केसांच्या वेगवेगळ्या भागांत फरक पडू शकतो. आपण तीन महिन्यांचा कोर्स करून पुन्हा तपासू." सोनं तारण ठेवताना आम्ही सराफाकडून तपासून घेतो, पण तेच सोनं विकत घ्यायला त्याला मुभा नसते. इथं तपासणारा, कमी आहे म्हणणारा आणि भरून देणारा एकच दुकानदार. मी फोन ठेवला.

आमच्या डॉक्टर सत्तरीच्या आहेत, माझी दोन्ही बाळंतपणं त्यांनीच बघितली. मी बारा-बारा पानांचे दोन रिपोर्ट टेबलावर ठेवले. त्यांनी ते उघडलेसुद्धा नाहीत. म्हणाल्या, "इकडे बघ, वर बघ," आणि अंगठ्यानं माझी खालची पापणी ओढली. मग नखं बघितली. मग विचारलं, "पाळी कशी आहे?"

मी म्हटलं, बाई, मी शुगरसाठी आलेय.

"ते कळलं. पाळी कशी आहे?"

दोन वर्षं जास्त जात होतं. सात-सात, आठ-आठ दिवस. वयच तसं आहे म्हणून मी कुणाला बोलले नव्हते. त्या लिहीत राहिल्या. केस कधीपासून गळतात, माती-खडू खावासा वाटतो का, जेवल्यावर लगेच चहा घेतेस का. खाण्याचं सांगताना मला लाज वाटली. खडू नाही, पण कच्चे तांदूळ खायचे मी, डब्यातून मूठभर, उभ्या उभ्या.

साताऱ्यातल्या पोवई नाक्याजवळच्या लॅबमध्ये सकाळी सातला गेले, रात्रीपासून उपाशी. सुईची भीती पाच वर्षं जपली होती, ती दहा सेकंदांत संपली. रक्त काढणाऱ्या दादांनी दोन नळ्या भरल्या. जांभळ्या टोपणाची पेशी आणि एचबीएवनसीसाठी, राखाडी टोपणाची साखरेसाठी. दोन कशाला, असं विचारलं, तर ते म्हणाले, राखाडीत फ्लोराइड असतं, नाहीतर नळीतल्या पेशी बसल्या बसल्या साखर खाऊन टाकतात आणि आकडा कमी येतो. मला त्या माणसाबद्दल एकदम भरवसा वाटला. कुठं चूक होऊ शकते हे त्याला माहीत होतं, आणि त्यासाठी त्याच्याकडे वेगळं टोपण होतं.

संध्याकाळी आकडे आले. उपाशीपोटी १०८. जेवणानंतर १५६. एचबीएवनसी ६.७. हिमोग्लोबिन ८.६.

६.५ च्या वर म्हणजे मधुमेह, हे मला आईमुळे पाठ होतं. मी रिक्षातच रडले. म्हणजे त्या लाल पट्ट्यानं खरंच सांगितलं होतं? ह्यांना फोन केला, ते म्हणाले, "रडू नको, डॉक्टर काय म्हणतात बघ." तोपर्यंत मी कंदी पेढ्यांच्या दुकानासमोरून जाताना तोंड फिरवून घेतलं होतं. साताऱ्यात राहून मधुमेह होणं म्हणजे काय ते इथल्या माणसालाच कळेल. दर पन्नास पावलांवर खरपूस खव्याचा वास.

डॉक्टरांनी चारही आकडे एका कागदावर एकाखाली एक लिहिले. "ह्यांचा ताळा बसत नाही," म्हणाल्या. माझेच शब्द त्यांच्या तोंडून ऐकून मी सावरून बसले. एचबीएवनसी ६.७ म्हणजे साखरेची सरासरी १४५ च्या आसपास. पण उपाशी १०८ आणि जेवून १५६ असणाऱ्या बाईची सरासरी एवढी कुठून येणार? मग त्यांनी हिमोग्लोबिनच्या आकड्याभोवती गोल केला. लोह कमी पडलं की नव्या पेशी कमी बनतात, जुन्याच जास्त काळ फिरत राहतात, आणि जितकी जुनी पेशी तितकी तिला साखर चिकटलेली. त्यामुळे साखर तितकी नसतानाही आकडा वर दिसतो. उलटही होतं. पेशी लवकर फुटत असतील, जसं सिकलसेलच्या आजारात, तर आकडा खाली येऊन फसवतो. त्यांनी गडचिरोलीला नोकरी केलेली आहे. तिथं एचबीएवनसीकडे बघायच्या आधी सिकलसेल आहे का बघायचं, ही सवय तिथलीच, म्हणाल्या.

म्हणजे रक्ताची तपासणीही चुकते तर! मी जरा विजयानं म्हटलं. "चुकते," त्या म्हणाल्या. "पण कधी चुकते ते मला माहीत आहे, म्हणून तर तुझी पापणी ओढली."

फेरिटिन तपासलं, म्हणजे लोहाचा साठा. ६ निघाला. तळाशी गेलेली शिल्लक. घरी आल्यावर मी ते केसांचे दोन्ही रिपोर्ट पुन्हा काढले आणि लोहाची ओळ शोधली. दोन्हींत हिरवं. दोघांचं लोह उत्तम.

खरं काय ते ठरवायला ग्लुकोज पिऊन तपासणी करायची होती. ७५ ग्रॅम ग्लुकोज, ग्लासभर पाण्यात, पाच मिनिटांत संपवायचं. चव कशी? उसाच्या रसातून उसाचा वास काढून टाकला तर कशी लागेल, तशी. घशाला चिकटत खाली जाते. दादांनी लिंबाची फोड दिली, तिच्या जिवावर संपवलं. मग दोन तास त्याच बाकावर. फिरायचं नाही, खायचं नाही, पाण्याचा घोट चालतो.

शेजारी सातव्या महिन्यातली एक मुलगी तोच ग्लास हातात घेऊन बसली होती, कोरेगावकडची. ती सकाळी पोहे खाऊन आली होती. मी म्हटलं, अगं, उपाशी यायचं ना! ती म्हणाली, आशाताईंनी सांगितलंय, गरोदर बाईला तसं लागत नाही, दोन तासांनी १४० च्या आत आलं की झालं. खरंच आहे ते. गरोदरपणातल्या तपासणीचा आपल्याकडचा नियम वेगळा आहे. तिला दोनदा उमासे आले. मी तिची पाठ चोळत बसले. "काकू, तुम्हाला कितवा महिना?" तिनं गमतीनं विचारलं, तेव्हा त्या बाकावरच्या सगळ्या बायका हसल्या. दोन तास बरे गेले.

उपाशी १०४, दोन तासांनी १६२. मधुमेहाला उपाशी १२६ किंवा दोन तासांनी २०० लागतात. १४० ते १९९ म्हणजे मधली जागा. डॉक्टर म्हणाल्या, मधुमेह नाही, पण दारात उभा आहे, आत घ्यायचा की नाही ते बघू.

मला एक शंका होती. भाऊ जाड आहे, आई जाड होती. मी पन्नास किलोची. मला कुठून? त्यावर त्यांनी पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांची गोष्ट सांगितली. ते आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन, दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. दोघांचा फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. बाहेरून सडपातळ, आतून नाही. मी घरी येऊन आरशात पोटाकडे बघितलं. साडीच्या निऱ्यांमागे बरंच काही खपून जातं.

पुढचं भराभरा सांगते. लोहाच्या गोळ्या, लिंबूपाण्याबरोबर, चहापासून दोन तास लांब. शी काळी होते, घाबरायचं नाही. सोनोग्राफीत गर्भाशयाला छोटी गाठ दिसली, पाळीसाठी गोळ्या मिळाल्या. सकाळी टेकडीवरच्या 'चार भिंती'पर्यंत चालत जाणं, आधी निम्म्यातून परत यायचे, आता वर जाऊन बसून येते. भात रात्रीचा बंद. पेढा सणाला एक, आणि तो मोजून एकच. हे माझ्यासमोर दुसरा खात नाहीत, मागे खातात.

पाच महिन्यांनी हिमोग्लोबिन १२.१. एचबीएवनसी ६.०. डॉक्टर म्हणाल्या, आता हा आकडा खरा, ह्याच्यावर विश्वास ठेव. ६.० म्हणजे अजून दारातच आहे. वर्षातून एकदा तरी तपासायचं, आयुष्यभर. त्याचीच मला धास्ती होती पूर्वी. आता पंचांगावर तारीख लिहून ठेवलीय.

केसांचं विचाराल तर गळणं कमी व्हायला चार महिने लागले. एका सकाळी बाथरूमची जाळी साफ करायला वाकले तर जाळीवर काही नव्हतंच, चार-दोन केस. मी तिथंच उकिडवी बसून बघत राहिले. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मग मी काय म्हणत होते? पालेभाजी खात जा. त्याला कात्री कशाला लागती?"

शिबिरवाल्यांकडे मी परत गेले नाही, भांडलेही नाही. नंबर मात्र त्यांच्याकडे राहिले. माझा मी ब्लॉक करून टाकला. ह्यांच्या मोबाईलवर अजून दर तीन महिन्यांनी मेसेज येतो, 'सर, आपल्या केसांच्या पुढील तपासणीची वेळ झाली आहे.' हे तो मला मोठ्यानं वाचून दाखवतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि झालरीवरून हात फिरवून विचारतात, "देऊ का गं?"